स्वस्त वेबकॅम दुर्बिणीच्या फाइंडरला कसा बसवायचा: दमट किनाऱ्यासाठी सविस्तर कृती

रत्नागिरीचा अक्षांश १७ अंश उत्तर आणि रोहिणीची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, उत्तरेला साडेसोळा अंशांच्या आसपास. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहा-साडेदहाला रोहिणी इथे डोक्यावर, खस्वस्तिकापासून जेमतेम अर्ध्या अंशावर असते. मृग, कृत्तिका, पुढे वसंतात स्वाती, सगळी चांगली मंडळी कोकणातून अशीच माथ्यावरून जातात. फाइंडर म्हणजे मुख्य दुर्बिणीवर बसवलेली, तारा शोधून द्यायची छोटी दुर्बीण. सरळ नळीच्या फाइंडरमधून त्यांच्याकडे बघायचं तर खळ्यात गुडघे टेकून, मान उलटी करून दुर्बिणीच्या खाली शिरावं लागतं. वर गावातली पंधरा पोरं रांगेत उभी असतील, तर प्रत्येकाला 'दिसलं का?' विचारण्यातच रात्र संपते.

यावर स्वस्त उपाय म्हणजे फाइंडरचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, काढून तिथे वेबकॅमची प्रकाश टिपणारी चिप बसवायची आणि चित्र पडवीत ठेवलेल्या लॅपटॉपवर बघायचं. हजाराच्या आतला वेबकॅम, पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि एक निवांत दुपार एवढ्यात हे होतं. काम नाजूक वाटतं, पण त्यात अचूकपणा एकाच गोष्टीत लागतो: भिंगापासून चिपपर्यंतचं अंतर. चिप मिलिमीटरभर डावी-उजवीकडे गेली तरी चालतं, किंचित तिरकी बसली तरी खपतं. अंतर चुकलं तर काहीच दिसत नाही, आणि ताऱ्याचा पसरलेला अंधूक डाग पाहून माणूस वेबकॅमला दोष देत बसतो.

आधी अपेक्षा ठरवा

साध्या ५० मिमी फाइंडरच्या (५० मिमी हा पुढच्या भिंगाचा व्यास) भिंगाचं नाभीय अंतर साधारण १८० मिमी असतं. स्वस्त ७२० पी वेबकॅमची चिप सुमारे ३.६ मिमी रुंद आणि २ मिमी उंच. या दोन आकड्यांवरून पडद्यावर आकाशाचा किती तुकडा मावेल ते निघतं: ३.६ भागिले १८०, गुणिले ५७.३, म्हणजे रुंदीत सव्वा अंशाहून थोडं कमी आणि उंचीत जेमतेम ०.६४ अंश. चंद्र अर्ध्या अंशाचा, तो चौकटीत आरामात बसतो आणि उंचीचा तीन चतुर्थांश भाग व्यापतो. कृत्तिकांचे ठळक सहा तारे चौकट आडवी नीट जुळवली तर काठोकाठ मावतात.

आता तोटा. डोळ्याने बघताना हाच फाइंडर पाच अंशांच्या आसपास आकाश दाखवतो. वेबकॅम लावला की शोधण्याचं क्षेत्र रुंदीतही पाव होतं. त्यामुळे नुसत्या वेबकॅम-फाइंडरवर अंधारात चाचपडायला होतं. दुर्बिणीच्या नळीवर साधा लाल ठिपक्याचा फाइंडर ठेवा, तोही नसेल तर अर्ध्या इंची पाइपचा वीतभर तुकडा समांतर बांधा. त्यात तारा नेमका मधोमध आणला की तो वेबकॅमच्या चौकटीत किंवा तिच्या आसपास येतो.

तुमच्याकडे ३० मिमीचा फाइंडर असेल तर त्याचं नाभीय अंतर कमी, साधारण १२० मिमी, म्हणून चौकट १.७ अंशांची मिळते. पण प्रकाश ५० मिमीच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या जरा वर एवढाच येतो. स्वस्त चिप आधीच प्रकाशाला भुकेलेली असते. मी तरी ५० मिमीच घेईन. खेळण्यातल्या दुर्बिणींबरोबर येणारा ५×२४ फाइंडर मात्र बाजूलाच ठेवा. त्यात भिंगामागे प्रकाश अडवणारी चकती असते आणि भिंगही सामान्य असतं. काटकोनी फाइंडरमध्ये प्रिझम बरंच अंतर खाऊन टाकतो, त्यामुळे पहिल्या प्रयोगाला सरळ नळीच बरी.

वेबकॅम निवडताना

खोक्यावर छापलेल्या मेगापिक्सेलकडे बघू नका. स्वस्त वेबकॅमवरचे बारा-सोळा मेगापिक्सेल हे सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. बघायचं ते हे: समोरची भिंगाची कडी हाताने फिरते का? फिरत असेल तर आतलं भिंग आट्यांवर बसवलेलं आहे आणि ते उलटं फिरवून सरळ बाहेर येईल. ऑटोफोकसवाला महागडा वेबकॅम इथे उलट गैरसोयीचा, कारण त्याचं भिंग बारीक कॉइलच्या यंत्रणेत अडकवलेलं असतं.

खोलण्याआधी तो लॅपटॉपला लावून दोन गोष्टी तपासा. वेगळा ड्रायव्हर न मागता चालतो ना, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक्स्पोजर (चिप प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश टिपते ते) ऑटोवरून काढून हाताने ठरवता येतं ना. दुसरी गोष्ट नसेल तर तो वेबकॅम मीटिंगलाच ठेवा. काळं आकाश दिसलं की ऑटो एक्स्पोजर गोंधळतो, आणि त्याला आवरायची सोय नसेल तर पुढचं सगळं काम वाया.

खोलणं

पंखा बंद, खिडक्या बंद, टेबलावर ओला करून पिळलेला फडका फिरवलेला. उघड्या चिपच्या काचेवर धूळ बसली की ती पडद्यावर काळ्या डागांसारखी दिसते आणि कापसाने पुसायला गेलं की आणखी पसरते. धातूच्या नळाला किंवा खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. स्क्रू बहुतेक वेळा स्टिकरखाली किंवा रबराच्या पायाखाली दडलेले असतात.

आत हिरवी किंवा काळी सर्किटची पाटी दिसेल, तिच्यावर चौकोनी प्लास्टिकचं घर आणि त्यात भिंग. भिंग फिरवून काढा. घर मात्र तसंच राहू द्या. बरेच जण तेही उपटतात, पण त्याची गरज नाही. ५० मिमी भिंग आणि १८० मिमी अंतर म्हणजे चिपच्या १२ मिमी आधी प्रकाशाचा शंकू, चिपचा पूर्ण कर्ण धरूनही, आठ मिमीपेक्षा कमी रुंद असतो, आणि घराचं तोंड त्याहून मोठं असतं. म्हणजे ते काहीच अडवत नाही, उलट धुळीपासून आणि आडव्या उजेडापासून चिपला सांभाळतं.

भिंगाच्या मागे किंवा घराच्या तळाशी लालसर-हिरवट चकाकणारी छोटी काच असेल, ती अवरक्त किरण अडवते. घरात असेल तर राहू द्या. भिंगाबरोबर निघून गेली तर दिवसा झाडं गुलाबी-पांढरी दिसतील आणि तारे किंचित फुगलेले. फाइंडरच्या कामाला त्याने फरक पडत नाही.

पाटीवर दिवे असतील तर त्यांवर काळी इन्सुलेशन टेप दुहेरी लावा. हिरव्या दिव्याचा अगदी बारीक उजेडही पाइपच्या आत चिपला दिवाळीसारखा दिसतो.

अंतर शोधणं

फाइंडरचा आयपीस फिरवून काढा. आयपीसच्या आत फुलीच्या तारा दिसतील. भिंगाची प्रतिमा नेमकी त्या तारांच्या पातळीत पडते, म्हणून तर तारा आणि तारे दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. चिपची जागा तीच. ती मोजायची अशी:

सकाळी लवकर, सूर्य पूर्वेला पाठीशी असताना फाइंडर पश्चिमेला समुद्राकडे धरा. किनाऱ्यावर राहण्याचा हा फायदा आहे. लांबची बोट, पुळणीच्या पलीकडच्या टोकावरचे माड, रत्नदुर्गासारख्या टेकडीवरचं दीपगृह, एक किलोमीटरपलीकडचं काहीही चालेल. नळीच्या मागच्या उघड्या तोंडापाशी बटर पेपर धरा आणि हळूहळू मागे न्या. उलटी प्रतिमा कागदावर धारदार झाली की तोंडापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. डोक्यावरून काळं कापड घेतलं तर प्रतिमा छान उठते. तीन-चारदा मोजून मधला आकडा घ्या.

एक किलोमीटरच का? जवळच्या वस्तूची प्रतिमा थोडी मागे पडते. शंभर मीटरवरचा माड घेतला तर १८० मिमीच्या भिंगात फरक पडतो ०.३ मिमीचा, आणि तेवढ्यानेही तारा पुसट होतो. एक किलोमीटरवर तो फरक ०.०३ मिमी उरतो. तेवढा पुढे आकाशातच काढू.

दुपारी तीननंतर हे करू नका. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फाइंडरमध्ये सूर्य शिरायला वेळ लागत नाही. ५० मिमी भिंगाने सूर्य एकवटला तर कागद जळतो, चिप जाते आणि डोळा गेला तर तो परत येत नाही. वेबकॅम बसवल्यानंतरही दिवसा फाइंडरच्या तोंडावर टोपी असलीच पाहिजे. मुख्य दुर्बिणीला सौर फिल्टर लावून सूर्य बघताना तर विशेष करून, कारण तेव्हा फाइंडर सगळेच विसरतात.

पाइप आणि टोपी

फाइंडर हातात घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा. बागेत पाणी द्यायला वापरतात ते पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासाने मोजले जातात: ३२, ४०, ५०, ६३ मिमी. आपल्याला असा पाइप हवा जो फाइंडरच्या मागच्या गळ्यावर थोडा सैल बसेल आणि ज्याच्या आत वेबकॅमची पाटी मावेल. बहुतेकदा ४० मिमीत काम होतं, पाटी मोठी असेल तर ५० घ्या. त्याच मापाची एंड कॅपही घ्या. गळा आणि पाइप यांतली फट टेपचे वेढे देऊन भरायची आहे, म्हणून अचूक माप मिळण्याची वाट बघू नका.

समजा बटर पेपरवरची प्रतिमा तोंडापासून ३० मिमी मागे आली. वेबकॅमची पाटी आपण एंड कॅपच्या आत, तळाशी बसवणार, चिप पुढे तोंड करून. पाटीखाली स्क्रूभोवती बॉलपेनच्या नळीचे ३ मिमीचे तुकडे, पाटीची जाडी दीड, वर चिप एक-दीड मिमी. म्हणजे चिप कॅपच्या तळापासून जवळपास ६ मिमी वर आली. तर कॅपचा तळ गळ्याच्या तोंडापासून ३६ मिमीवर हवा. आता पाइप ३६ मिमीला कापू नका. तो तोंडापासून २८ मिमीपर्यंतच मागे येऊ द्या, म्हणजे पाइपचं टोक आणि कॅपचा तळ यांत ८ मिमी मोकळे राहतील आणि कॅप पुढेमागे दोन्हीकडे सरकवता येईल. गळ्यावर चढायला १५ मिमी धरा. एकूण तुकडा ४३ मिमीचा. कॅप सरकवणं हा तुमचा ढोबळ फोकस.

प्रतिमा तोंडाच्या अगदी जवळ पडत असेल तर पुढच्या भिंगाची कडी थोडी आत फिरवा. भिंग मागे आलं की प्रतिमाही मागे सरकते.

पाइप सरळ कापायला त्याभोवती कागदाची रुंद पट्टी घट्ट गुंडाळा, कडेला कड जुळवा आणि तिच्या धारेने पेन्सिल फिरवा. त्या रेषेवर करवत चालवा, मग सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून टोक घासा. आतून मॅट काळा रंग द्या किंवा काळा खरखरीत कागद चिकटवा. पांढरा पाइप आतून उजेड उधळतो, आणि पौर्णिमेच्या आसपास चित्र दुधाळ होतं.

कॅपच्या मधोमध केबलपुरतं भोक पाडा. केबलचं टोक पाटीपासून सुटं होत असेल तर नीट, नाहीतर केबल तोडून पुन्हा सोल्डर करावी लागेल, तेव्हा तारांच्या रंगांचा फोटो आधी काढा. आतल्या बाजूला केबलला केबल टाय घट्ट बांधा. अंधारात कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकतोच, तो झटका पाटीवर न जाता टायवर थांबला पाहिजे. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे इथे एका पावसाळ्यात गंजून चिकटतात.

पाइप आणि कॅप जोडायला सॉल्व्हंट सिमेंट अजिबात वापरू नका. एकतर कॅप कायमची अडकते, दुसरं म्हणजे त्याची वाफ बंद नळीत कोंडून चिपच्या काचेवर धुरकट थर धरते. टेफ्लॉन टेपचे वेढे पुरतात, फोकस झाल्यावर बाहेरून इन्सुलेशन टेप. केबलच्या भोकाला मात्र एम-सील लावा.

लॅपटॉप पडवीत आणि दुर्बीण खळ्यात असेल तर केबल लांब लागते. साधी यूएसबी २ केबल वेबकॅमच्या वायरसह पाच मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे हवी असेल तर रिपीटर असलेली केबल घ्या.

फोकस आणि सेटिंग

दिवसा दीपगृहाच्या सज्जाचा कठडा स्पष्ट होईपर्यंत कॅप सरकवा आणि टेपने पकडा. बारीक फोकस रात्री. त्यासाठी बऱ्याच फाइंडरमध्ये पुढच्या भिंगाच्या कडीमागे एक लॉक रिंग असते. ती सैल करून कडी अगदी थोडी-थोडी फिरवायची, मग रिंग पुन्हा आवळायची.

तारा कुठला घ्यावा? मोटर नसलेल्या दुर्बिणीत विषुववृत्ताजवळचा तारा या चौकटीतून साडेचार मिनिटांत निघून जातो. तुम्ही कडी फिरवताय आणि तारा पळतोय. ध्रुवतारा घ्या, तो जागचा फारसा हलत नाही. इथे तो फार वर नसतो: डहाणूला २० अंश, वेंगुर्ल्याला १६ अंशांच्याही किंचित खाली. उत्तरेला पोफळी किंवा माड दाट असतील तर फाइंडर नळीवरून काढून साध्या कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि उघडी जागा शोधा. फोकस करायला मुख्य दुर्बिणीची गरज नसते.

विंडोजवर शार्पकॅप हे कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर सोयीचं आहे, त्यात पडद्यावर फुली काढायची सोयही मिळते. एक्स्पोजर हाताने ठरवा. वेबकॅमचं एक्स्पोजर सहसा एका फ्रेमच्या वेळेपेक्षा जास्त जात नाही, म्हणून सेकंदाला ३० फ्रेमऐवजी ५ फ्रेम निवडा. लगेच एक तिसांश सेकंदाऐवजी एक पंचमांश सेकंद मिळतो, म्हणजे सहापट प्रकाश. गेन (चिपचा संकेत किती वाढवायचा ते) वर न्या, पण अगदी टोकाला नको, नाहीतर चिपने उठवलेले खोटे ठिपके आणि तारे यांत फरक कळत नाही. शार्पनेस शून्य करा, तो ताऱ्याभोवती काळी कडी काढतो. चित्राच्या प्रकारात एमजेपीजीऐवजी वायूवाय२ मिळत असेल तर तोच घ्या, दाबलेल्या चित्रात मंद तारे चौकोनी डागांत हरवतात. फाइंडरच्या तोंडावर टोपी लावून बघा: जे ठिपके तरीही दिसतात ते चिपचे, आकाशाचे नाहीत.

मग मुख्य दुर्बिणीच्या आयपीसमध्ये गुरू किंवा एखादा ठळक तारा मधोमध आणा आणि फाइंडरचे जुळणी स्क्रू फिरवून तो पडद्यावर कुठेतरी मध्याजवळ आणा. नेमका मध्यावर आणायचा हट्ट नको. सॉफ्टवेअरमधली फुलीच ताऱ्यावर नेऊन ठेवा, ते सोपं.

हाच वेबकॅम पीएचडी २ सारख्या सॉफ्टवेअरला जोडून छायाचित्रणासाठी ऑटोगाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण आपोआप आकाशाबरोबर फिरवणं, करता येतं का? जोडता येतो. पण एक पंचमांश सेकंदात गाइडिंगजोगा ठळक तारा नेमका तुमच्या तेजोमेघाशेजारी मिळणं नशिबाचा भाग आहे. चंद्र, ग्रह, ठळक तारे सापडवणं आणि चारचौघांना एकदम दाखवणं एवढ्यासाठी हे बनवा. गाइडिंगच करायचं असेल तर दीर्घ एक्स्पोजर देणारा खास कॅमेरा घ्या.

दव आणि खार

वरचं सगळं देशावरही असंच होईल. किनाऱ्यावर इथून पुढे खरं काम. दिवाळीनंतर आकाश उघडतं, रात्री मतलई वारे सुटतात, आणि दहा-अकराला फाइंडरच्या पुढच्या भिंगावर दव धरतं. मुख्य न्यूटोनियन दुर्बिणीचा आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित, पण फाइंडरचं भिंग थेट आकाशाकडे उघडं, म्हणून तेच पहिलं जातं. पडद्यावर तारे हळूहळू मंद आणि मऊ होत जातात. फोकस हलला असं वाटून कडी फिरवू नका, आधी टॉर्च तिरका धरून भिंग बघा.

पहिला उपाय आडोसा: काळ्या फोमची किंवा जुन्या योगा मॅटची नळी, भिंगाच्या पुढे आठ-दहा सेंटिमीटर. एवढ्याने तास-दीड तास वाढतो. दमट रात्री तेही पुरत नाही, मग ऊब द्यावी लागते. पाव वॅटचे १५० ओहमचे दहा रेझिस्टर समांतर जोडा. एकूण १५ ओहम होतात. पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवर ०.३३ अँपिअर आणि १.७ वॅट. प्रत्येकाच्या वाट्याला ०.१७ वॅट येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. ५० मिमी फाइंडरच्या पुढच्या कडीचा घेर साधारण १९ सेंटिमीटर, म्हणून रेझिस्टर जवळजवळ दोन-दोन सेंटिमीटरवर येतील. ही माळ कापडी पट्टीत शिवून भिंगाच्या लगेच मागे, आडोशाच्या आत गुंडाळा. सोल्डरचे जोड उघडे राहून धातूच्या नळीला लागणार नाहीत हे बघा. दव पडण्याआधी, अंधार होतानाच चालू करा. धरलेलं दव घालवायला याला फार वेळ लागतो.

एसीच्या खोलीतली दुर्बीण थेट अंगणात आणू नका. थंड काचेवर बाहेरची दमट हवा क्षणात घाम आणते, आणि तो पाइपच्या आतही, चिपवर.

पाइपमध्ये सिलिका जेलची पुडी टाका, प्रकाशाच्या वाटेत येणार नाही अशी कॅपच्या कडेला चिकटवून. पाटीच्या मागच्या बाजूच्या जोडांवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पुढच्या चिपजवळ मुळीच नको. पुळणीवर दुर्बीण लावली असेल तर दुसऱ्या दिवशी भिंगावर खाराचा पांढुरका थर असतो. तो कोरडा घासला तर मिठाचे खडे काचेवर ओरखडे काढतात. आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओल्या केलेल्या लेन्सच्या कापडाने दाब न देता पुसा.

मे अखेरीस वेबकॅमची कॅप पाइपसकट काढून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. फाइंडरला त्याचा आयपीस परत लावा आणि तोही वेगळ्या डब्यात. कपाटात मोकळा ठेवलेला फाइंडर गणपतीपर्यंत भिंगावर बुरशीचं जाळं धरू शकतो. सिलिका जेल महिन्यातून एकदा बदला. रंग बदलणारं असेल तर तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, पण तो तवा स्वयंपाकाला पुन्हा घेऊ नका.